पाव मात्रा मागून

८ जानेवारी, मंगळवार

नापास. बाकी सगळ्या विषयांत पास आणि कानाच्या परीक्षेत नापास.

वर्ग सुटल्यावर शेव्चुकबाईंनी थांबवून घेतलं. पियानोचं झाकण लावलं, त्यावर कोपर टेकवलं आणि म्हणाल्या, "रेनाटे ड्यूक, तुला वाचता येत नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"हसू नकोस. तुझं ऐकणं मात्र जबरदस्त आहे. शेजारची तोंड उघडते, तू तिचा सूर उचलतेस आणि पाव मात्रा मागून तोच गातेस. इतकं सफाईनं, की सप्टेंबरपासून मला पत्ता लागला नाही. परीक्षेत शेजारीण नव्हती, तिथं पितळ उघडं पडलं."

चर्चमध्ये लहानपणापासून मी आईच्या शेजारी उभी राहून गायले. हातात पुस्तक असायचं, पानंही वेळेवर उलटायची. पण त्या पाच रेघांवरचे काळे ठिपके मी कधी वाचलेच नाहीत. आमच्या जर्मन वळणाच्या गावात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आमच्याकडे पोरं आधी चार आवाजांत गातात आणि मग चालायला लागतात, असं इथले, विनिपेगचे लोक म्हणतात. त्यात मी कॉर्नेलियस ड्यूकची मुलगी. माझ्या जन्माच्या आधीपासून चर्चचा गायकवृंद पप्पांच्या हातावर चालतो.

एप्रिलमध्ये फेरपरीक्षा. कधी न पाहिलेली चाल समोर ठेवणार, सुरुवातीचा एकच सूर देणार, की लगेच एकटीनं गायचं. त्यानंतर त्या वाजवतील ते ऐकून कागदावर उतरवायचं. जमलं नाही तर गायनाचं शिक्षण सोडून दुसरं काहीतरी बघायचं.

घरी अजून सांगितलेलं नाही.

१३ जानेवारी, रविवार

सांगितलं. जेवणानंतर, आई भांडी धूत असताना. पप्पा पेपर वाचत होते. मी दोनदा हाक मारली तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. ऐकून रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "माझ्याच घरात?"

मग म्हणाले, "शनिवार-रविवार घरी येत जा. मी बसवून घेतो."

आईचे हात पाण्यातच थांबले. "कॉर्नी, तुम्ही कशाला? तिच्या बाई आहेत की."

"माझ्या मुलीचा कान मी तयार करणार नाही तर कोण?"

आई हल्ली अशीच करते. पप्पांना कुणी काही विचारलं की हीच आधी उत्तर देते. फोनही त्यांना घेऊ देत नाही. जेवणाच्या टेबलावरची स्वतःची वर्षानुवर्षांची जागा सोडून त्यांच्या डाव्या हाताला येऊन बसलीय. म्हणे खिडकीतून वारा लागतो. मला वाटतं दोघांचं काहीतरी बिनसलंय. आणि त्यात माझं हे.

२१ जानेवारी, सोमवार

बाहेर उणे तीस. बसमध्ये वही उघडून डो-रे-मी पुटपुटत आले. समोरची बाई जागा बदलून मागं गेली.

माझ्या मैत्रिणीबरोबर, जोसलिनबरोबर, सराव सुरू केला. ती सेंट बोनिफेसची, फ्रेंच घरातली, नन्सच्या शाळेत शिकलेली. तिच्यासमोर कुठलाही कागद टाका, वाण्याची यादी वाचावी तशी गाते. तिचा डो कायम एकाच जागी असतो. आमच्या वर्गात मात्र गाण्याची पट्टी बदलली की डो बदलतो.

"तुमचा डो म्हणजे भाडेकरू आहे गं," ती म्हणाली. "आज या घरात, उद्या त्या घरात. अशानं कुणाला पत्ता लागायचा?"

"मग मी कुणाचा पत्ता धरून गाऊ?"

"माझा नको धरूस म्हणजे झालं. आत्तासुद्धा माझ्या ओठांकडं बघतेयस. तोंड तिकडं कर!"

भिंतीकडं तोंड करून गायले. चौथ्या सुराला हरवले. अंधाऱ्या जिन्यात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं होतं.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

थोडं जमतंय! शेव्चुकबाई म्हणाल्या, गाण्याआधी तोंड उघडायचंच नाही. कागद बघायचा, सूर आत ऐकायचा, तो ऐकू आला की मगच बाहेर सोडायचा. "आत रिकामं असताना बाहेर काय सोडणार? वाफ?"

आज मला पहिल्यांदा आत ऐकू आलं. सगळं नाही, पाच-सहा सूर. पण कुणीही गात नसताना.

१० फेब्रुवारी, रविवार

पप्पांनी दुपारभर बसवून घेतलं. आधी पियानोवर घेणार होते, पण त्यांच्या मते पियानोची वरची अर्धी बाजू कोरड्या हवेनं उतरलीय. सूर लावणारा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सगळं ठीक आहे म्हणाला. पप्पा भडकले. "त्याचे कान गेलेत. त्याच्या बापाच्या हाताला जी अचूकता होती ती याच्यात नाही." म्हणून आता ते स्वतःच्या आवाजात खालचा सूर देतात आणि मी वरचा गायचा.

सुरुवातीची, सुरांमधली अंतरं जमली. पण चाल वर गेली की त्यांचा हात लगेच वर होतो. "खाली आलीस."

मी थोडं वर नेलं.

"अजून."

"पप्पा, मला वाटतं..."

"वाटण्यावर जायचं नाही, रेनी. वर ने. हां... आता आलीस."

त्या 'हां'साठी मी जीव टाकला असता. पण गंमत अशी, की जिथं ते 'आलीस' म्हणतात तिथं मला पायाखाली काही लागतच नाही. हवेत लटकल्यासारखं वाटतं. म्हणजे माझ्या आत जो सूर ऐकू येतो तोच मुळात चुकीचा आहे. शेजारणीचं ऐकून गात होते तेव्हा निदान बरोबर तरी गात होते.

संध्याकाळी फास्पाला, म्हणजे रविवारच्या हलक्या खाण्याला, त्स्वीबाकचे पाव, चीज, जॅम. पप्पा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, चुलीवर किटली शिट्टी मारमारून दमली, तरी हलले नाहीत. आईनं धावत येऊन बंद केली. मी डोळ्यांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "विचारात आहेत." माझ्याच विचारात असणार.

१८ फेब्रुवारी, सोमवार

शेव्चुकबाईंनी आज डोकं धरलं. "तू शनिवार-रविवार घरी जाऊन खातेस तरी काय?"

"का?"

"सोमवारी चढलेली असतेस. वरचा प्रत्येक सूर ताणलेला. बुधवारी जरा उतरतेस, शुक्रवारी चक्क सुरात गातेस. पुन्हा सोमवारी चढलेली! यीस्ट खातेस की काय?"

वर्ग हसला. मीही हसले. नंतर सराव-खोलीत जाऊन रडले.

घरी मी खाली येते, इथं वर जाते. एका माणसाला दोन प्रकारचे खराब कान असू शकतात? जोसलिन म्हणते डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, डॉक्टरला काय सांगू, माझ्या कानाला सोमवार चढतो?

४ मार्च, सोमवार

काल पप्पांनी गाडीनं इथपर्यंत सोडलं. वाटभर मी बोलत होते. कोणती धून चुकते, कुठं अडते, परीक्षेची भीती कशी वाटते. मनात होतं ते सगळं एकदाचं बोलून टाकलं. ते समोरच्या रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिले. एक शब्द नाही, एक हुंकारसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना पांढरी सपाट शेतं आणि मी त्यांच्या उजव्या हाताला बसून एकटीच बडबडतेय. शेवटी मीही गप्प झाले.

उतरताना म्हणाले, "आज अगदी गप्प होतीस."

टोमणाच होता तो. मी दार जरा जोरातच लावलं.

१७ मार्च, रविवार

गुड फ्रायडेला गायकवृंदात मी गायचं असं पप्पांनी ठरवलंय. नवीन गीत आहे, वाद्यांची साथ नाही. सोप्रानोंमध्ये, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजांत, पहिल्या रांगेत मी. "सराव होईल," म्हणाले. आई आता अल्टोत, बायकांच्या खालच्या आवाजांत गाते, तेव्हा तीही शेजारी नाही.

आज चर्चनंतर बायका कोटाच्या खुंट्यांपाशी काहीतरी कुजबुजत होत्या. मी जाताच गप्प झाल्या. फ्राऊ पेन्नरनं गायकवृंद सोडलाय, घसा बिघडला म्हणे. खुंट्यांपाशी तर तिचा आवाज खणखणीत होता. म्हणजे माझ्याविषयीच चाललं असणार. संचालकांची मुलगी, नापास झालेली, पहिल्या रांगेत.

२७ मार्च, बुधवार

नीट लिहायला हवं.

आज चर्चमध्ये तालीम होती. गीताच्या मधोमध एक जागा आहे. सगळे आवाज खाली येतात, फक्त सोप्रानो वर एका लांब सुरावर थांबतात. मी ती जागा आठवडाभर कागदावर वाचलीय, कुणाचं ऐकून नाही. आतून मला ती ठाऊक आहे.

तिथं आलो आणि पप्पांनी थांबवलं. "सोप्रानो, खाली. पुन्हा."

पुन्हा. "खाली!"

मग त्यांनी स्वतः तो सूर गाऊन दाखवला, त्यांच्या जाड आवाजात, एक सप्तक खालून. आणि तो सूर बरोबर होता. अगदी कागदावरचा. आम्ही तोच गात होतो. मी लगेच त्यांच्या सुरावर माझा ठेवून पाहिला. कुठंही फट नव्हती.

पप्पांनी हात वर केला. "खाली आहात. वर न्या."

सोप्रानोंनी वर नेला. सगळ्या निमूट, जणू सवय असल्यासारख्या. खाली अल्टो आणि पुरुष होते तिथंच, आणि मध्ये तो कर्कश चिरका आवाज, पाटीवर खडू ओढल्यासारखा. पुरुषांच्या रांगेत सगळ्यांनी नजर खाली केली. पप्पांच्या चेहऱ्यावर समाधान. "हां... आता आलात."

माझी हां. माझ्या सगळ्या शनिवार-रविवारांची हां.

मी आईकडं पाहिलं. ती माझ्याचकडं बघत होती. तिनं अगदी हळू मान हलवली. बोलू नकोस.

२८ मार्च, गुरुवार

आई कणीक मळत होती. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या शरद ऋतूपासून. उजवा कान. ते मान्य करत नाहीत. पियानो उतरलाय, बायका आळशी झाल्यात, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

"आणि मी? मला वाटत होतं माझा कान खराब आहे. महिनोन् महिने!"

तिनं हात पुसले नाहीत, पिठासकट माझा गाल धरला. "तुला शिकवायला नको म्हणाले होते ना मी. याहून जास्त कसं सांगणार होते?"

"डॉक्टर?"

"ईस्टर होऊ दे. मग मी बघते. गायकवृंद गेला तर तो माणूस सकाळी उठेल कशासाठी?"

"आणि उद्या? भर चर्चमध्ये?"

आई पुन्हा मळायला लागली. "वर न्या म्हणाले की नेतात सगळ्या. तूही ने. एक दिवस."

सगळ्यांना माहीत होतं. फ्राऊ पेन्नरला, पुरुषांना, खुंट्यांपाशीच्या बायकांना. त्यांच्यावरच्या प्रेमापोटी सगळा गाव बेसूर गातोय. आणि मी, जिचा कान तयार व्हायचाय, तिला तेवढं कळलं नाही.

उद्या काय करू? देवा, उद्या काय करू?

२९ मार्च, गुड फ्रायडे

चर्च भरलेलं. खोकलासुद्धा नाही. पप्पांनी नादकाटा गुडघ्यावर मारून डाव्या कानाशी धरला (आता सगळं दिसतं मला) आणि चारही आवाजांना सूर दिले. सुरुवात सुंदर झाली.

ती जागा आली. मी कागदावर बघितलं. सूर आत ऐकला आणि सोडला.

पप्पांचा हात वर झाला. बोटांनी खूण केली, वर.

शेजारची ट्रूडी विब वर जायला लागली. तिचा सूर माझ्या उजव्या कानाला घासून सरकला आणि माझा घसा आपोआप तिच्यामागं निघाला. आयुष्यभर हेच तर केलंय मी. पण मी कागदाला धरून राहिले. मोठ्यानं नाही गायले, फक्त हलले नाही. ट्रूडीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं पाहिलं आणि परत खाली आली. मग तिच्या पलीकडची. मग मागची रांग. एकेक करून सगळ्या माझ्या सुराशी येऊन उभ्या राहिल्या. खालून पुरुषांचे आवाज वर आले आणि कुठंतरी कुलूप लागावं तसं सगळं बसलं. असा नाद मी त्या इमारतीत कधी ऐकला नव्हता.

पप्पांचा हात वरच होता. वर, वर. ते माझ्याकडं बघत होते. मीही त्यांच्याकडं बघत होते, आणि हलत नव्हते. मग त्यांचा हात थांबला, खाली आला, आणि पुढं ते नुसती मात्रा देत राहिले, शेवटपर्यंत.

घरी आल्यावर कोट न काढता ते पियानोपाशी बसले.

"माझ्या हाताकडं बघत नव्हतीस."

"बघत होते, पप्पा."

"मग?"

"कागदावर होतं तेच गायले."

स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज बंद झाला. पप्पांनी पियानोचं झाकण उघडलं. मग म्हणाले, "वाजव. वरची बाजू."

मी एक सूर वाजवला. त्यांनी तळहातानं डावा कान झाकला. "पुन्हा." मग उजवा झाकला. "पुन्हा." डावा. उजवा. मी तोच सूर वाजवत राहिले, आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा अधिक म्हातारा होत गेला.

"बास," ते म्हणाले.

आणि बाहेर जाऊन अंगणातला बर्फ काढायला लागले. वितळायला आलेला बर्फ, काढायची काही गरज नव्हती.

३० मार्च, शनिवार

पप्पा बोलत नाहीत. आईशीही नाही. ईस्टरला गाणार नाही, असा चर्चला निरोप गेलाय.

मी बरोबर केलं? सूर बरोबर होता, एवढंच मला सांगता येतं. बाकी कशाचंच नाही.

७ एप्रिल, रविवार

या रविवारी गावी गेले नाही. हिंमत झाली नाही. फोन आईनं घेतला. पप्पांना दवाखान्यात नेलं होतं म्हणाली. उजव्या कानातून वरचे सूर त्यांना उतरून ऐकू येतात, ते आता सुधारणार नाही. यंत्र लावायचं म्हणतात. "तुझ्या परीक्षेची तारीख मात्र विचारत होते," ती म्हणाली.

"रागात?"

"रेनी, मला नाही सांगता येत. तारीख विचारली, एवढंच."

जोसलिननं बळेच बसवून सराव करून घेतला. वरचे सूर अजून चढतात. पप्पांची बोटं अजून माझ्या घशात आहेत.

१६ एप्रिल, मंगळवार

झाली.

लिहून घ्यायचं बरं गेलं. मग गाणं. शेव्चुकबाईंनी कागद पुढं केला, एक सूर दिला. मी तोंड बंद ठेवून शेवटपर्यंत वाचलं. सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत चाल वर चढली आणि मी तिच्याही वर गेले. सवयीनं. कुणी काही म्हणालं नाही, बाईंचा चेहरा दगड. पण मला ऐकू आलं. मी थांबले, खाली येऊन ती उडी पुन्हा घेतली, बरोबर बसवली आणि पुढं गेले.

"थांबायची परवानगी नव्हती," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"गुण कापणार."

"हो."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "पण उरतील पुरेसे. जा आता. आणि पुढच्याला पाठव."

दार उघडलं तर समोर बाकावर पप्पा. आई जिन्याजवळ, मुद्दाम लांब उभी. पप्पांच्या उजव्या कानावर तपकिरी रंगाचं ते यंत्र, त्यावर टोपी ओढून लपवायचा प्रयत्न. मला बघून त्यांनी टोपी काढली.

"दार बंद होतं. काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. मग स्वतःच जरासे हसले. "उघडं असतं तरी... असो. कशी झाली?"

मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. "पास झाले वाटतं. पण एका ठिकाणी चुकले."

"कुठं?"

मी तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांसमोर, ती ओळ गाऊन दाखवली. चूक होती तशी चुकीची. त्यांनी डोळे मिटले. यंत्राला हात लावला, काढून खिशात टाकलं, मान हलवली.

"तिथं वर मला काही खरं कळत नाही आता. खाली घे. एक सप्तक खाली."

मी खालच्या सप्तकात घेतली. अगदी हळू, चूक तशीच ठेवून. ते ऐकत होते. मी त्यांच्या हाताकडं बघत होते, पण हात मांडीवरच होते.

"हो," ते म्हणाले. "तिसऱ्या सुराला. चढलीस."

"बरोबर."

"आता नीट गा."